कोरी कवळी

माझ्या सासूबाईंचा शेवटचा दात मशेरी लावताना पडला. सकाळी सहाची वेळ, मी शाळेच्या गडबडीत डबा भरतेय, आणि बाई मागच्या गॅलरीत बसून बोटानं हिरड्या घासतायत. एकदम घासणं थांबलं. वाकून पाहिलं तर तळहातावर दात घेऊन त्याच्याकडे बघत बसलेल्या.

"आई, काय झालं?"

"काय नाय. सुटला बिचारा."

वरचा, पुढचा, एकटाच उरलेला दात होता तो. बाकीचे कधीच गेले होते. मी नेहमीप्रमाणे सुरू झाले, की तीस वर्षं सांगतेय मशेरी सोडा, ऐकताय का कुणाचं, आणि डबा घेऊन निघाले. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. पण दुपारी घरी आले तर बाई तिथंच. दात पदराच्या टोकाला बांधलेला.

"तुज्या पोरीच्या लग्नाला दुसरी बघा कोनतरी," म्हणाल्या. "मी नाय गानार."

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्यासमोर बसले.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. माझं सासर ठाकुर्लीजवळच्या गावातलं. गाव म्हणायचं आता, चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत आणि त्यातली एक आमच्याच शेतावर उभी आहे, तिच्यातच आम्ही राहतो. इकडच्या जुन्या घरांमध्ये लग्न लागतं ते धवले म्हटल्यावर. धवले म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी येतात, मंगलाष्टकं होतात, हल्ली तर डीजेही येतो, पण हळदीच्या दिवशी मांडवात धवलारीण बसून देवांना आवतण देत नाही तोवर काहीही सुरू झालं असं कुणी मानत नाही. माझ्या सासूबाई पन्नासएक वर्षं धवलारीण. शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत किती मांडवांत त्या बसल्या असतील, त्यांनाही सांगता यायचं नाही. कुठं काही लिहिलेलं नाही. सगळं तोंडात.

आणि आता तोंडात दात नव्हते.

"अहो, दात नाहीत म्हणून काय झालं? आवाज आहे ना?" मी म्हटलं.

"आवाज काय करतो? देव नावानं येतो गो बाय. नावच धड नाय घेतलं तं तो कुनाच्या दारात जाईल?"

त्यांनी मला म्हणून दाखवलं. गावदेवाचं नाव घेतलं, मग खाडीकाठच्या देवाचं. दोन्ही नावं एकाच पिठाच्या गोळ्यासारखी बाहेर आली. त्यांनी पदराची गाठ पुन्हा घट्ट केली.

आता माझं का अडलं होतं ते सांगते, कारण खरं दुखणं तेच. माझं माहेर आंबिवलीचं. वडील मूळचे साताऱ्याकडचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आलेले. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे कुणाला धवले माहीत नव्हते. दोन्हीकडची हळद एकत्रच, म्हणून आमची माणसं मला घेऊन सासरच्या मांडवात आली, सासूबाई गायला बसल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माझे वडील घड्याळ बघायला लागले. शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे अजून किती वेळ चालणार? आमच्या माणसांना परत जायचंय." सासूबाईंनी गाणं मध्येच थांबवलं, हात जोडले आणि उठल्या. तेवीस वर्षांची मी, हळदीचा हात गालाला लागलेला, मला तेव्हा बरंच वाटलं की चला, सुटलो एकदाचे. त्याची लाज मला फार उशिरा वाटली. त्या माणसानं, म्हणजे माझ्या बापानं, त्यांच्या सुनेच्या लग्नाचं आवतण अर्ध्यावर तोडलं, आणि ह्या बाईनं तीस वर्षांत मला एकदाही बोलून दाखवलं नाही. बाकी सगळ्यावरून भांडल्या. मिठावरून, बोंबलावरून, माझ्या शाळेवरून. ह्यावरून कधीच नाही.

म्हणून मला माझ्या लेकीच्या लग्नाला त्याच हव्या होत्या. पूर्ण. लग्न दिवाळीनंतरचं ठरलेलं, हातात आठ महिने होते.

त्याच आठवड्यात लेक ऑफिसातून आली आणि मोबाइलवर काहीतरी वाचून हसायला लागली. "आजी, ऐक. दात परत उगवायचं औषध काढतायत परदेशात. दुधाचे पडतात, मग पक्के येतात, तसे तिसऱ्यांदा."

सासूबाई पलंगावर आडव्या होत्या, त्या उठून बसल्या. "खरं बोलतेस?"

"माणसांवर तपासून बघतायत म्हणे."

"मना येतील काय गो?"

मला हसू आवरेना. म्हटलं, आई, तुम्ही ह्या वयात बोळक्यानं पेरू खायची तयारी करताय का! पण त्यांनी लक्षच दिलं नाही. पदराची गाठ सोडून तो दात काढला आणि म्हणाल्या, हा कौलावर टाकायला पायजेल. पोरांचे सगळे दात त्यांनी जुन्या घराच्या कौलांवर टाकले होते, उंदराला सांगून, की जुना घे नि नवा दे. पण कौलं आहेत कुठं आता? सात मजल्यांच्या स्लॅबवर दात टाकला तर तो झाडूवालीच्या केरात जाणार. तेव्हा दात पुन्हा गाठीत गेला.

मी कवळीचं काढलं तर त्यांचं एकच. "कला? येनार हायेत ना माजं सोताचं." कशाला म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर आमच्या घरात ह्यावर वाद. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी मिळून माझेच दात पाडाल.

शेवटी डोंबिवलीतल्या दाताच्या डॉक्टरणीकडे नेलं, ते भांडण मिटवायलाच. पोरगी तिशीतली असेल, शांत स्वभावाची. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडायच्या आधी त्यांनी औषधाचं विचारलं. मला वाटलं आता ही हसणार. ती हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली.

"खरं आहे आजी. काम चालू आहे. आपल्या हिरडीच्या आत कधीकधी दाताचा कोंब असतो, तो झोपलेलाच राहतो. त्याला जागं करायचं औषध शोधतायत. पण आधी ते ज्या मुलांना जन्मापासून दातच येत नाहीत त्यांना मिळेल. त्यांना जास्त गरज आहे ना?"

"त्यांनला आधी द्या," सासूबाई लगेच म्हणाल्या. "पोरांना जेवाया नको? मंग माजा नंबर लाव."

"किती वर्षं लागतील ते मला सांगता येणार नाही हं. आणि तुमच्या वयाला चालेल का, तेही कुणाला माहीत नाही अजून."

"तू नंबर तं लाव."

डॉक्टरणीनं एक कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "नंबर १". मग म्हणाली, "आता नंबर लागलाय. तोवर पाहुणे म्हणून दुसरे दात बसवूया? तुमचे आले की ह्यांना घालवून देऊ." सासूबाईंनी कागदाची घडी करून चोळीत ठेवली आणि तोंड उघडलं. मी तीस वर्षं शाळेत पोरं वळणावर आणते, पण हे मला जमलं नसतं.

हिरड्या भरल्यावर मापं घेतली. तीन-चार खेपा झाल्या. कवळी तयार झाली तेव्हा डॉक्टरणीनं आरसा धरला. सासूबाईंनी स्वतःला पाहिलं आणि लाजल्या, खरंच लाजल्या, पदर तोंडाला लावला. मग तिथंच खुर्चीत धवल्याची एक ओळ म्हटली. गावदेवाचं नाव स्पष्ट आलं. बाहेर बसलेला एक पेशंट डोकावून बघायला लागला. माझा जीव भांड्यात पडला.

"रोज घालायची हं आजी. सुरुवातीला टोचेल, तरी घालायची. तोंडाला सवय व्हायला हवी. आणि रात्री काढून पाण्यात ठेवायची, सुकू द्यायची नाही."

"व्हय व्हय."

पुढचे पाच महिने मी रोज शाळेतून आल्यावर विचारायचे, "आई, घातली होती का?" आणि त्या म्हणायच्या, "घातलेली ना. आताच काढली." माझी सकाळची शाळा, लेक आणि नवरा कामावर, घरात त्या एकट्या. पाण्याची वाटी मोरीवर झाकून ठेवलेली दिसायची, आणि रविवारी म्हणायच्या, टोचतंय, आज सुट्टी. मला कशाला संशय येईल?

हळदीला पाच दिवस उरले तेव्हा त्यांचं नऊवारी लुगडं काढायला मी त्यांची लोखंडी पेटी उघडली. हे लुगडं त्यांनी ह्याच कार्यासाठी घेऊन ठेवलेलं. घडी उचलली तर आत रुमालात काहीतरी टणक. सोडलं. कवळी! वरची आणि खालची, दोन्ही, कोरडी ठणठणीत, बाजूला डांबराची गोळी.

मी जे ओरडले ते तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं असणार. "पाच महिने! पाच महिने खोटं बोललात तुम्ही माझ्याशी! मी मूर्ख म्हणून रोज विचारत होते? घाला आता, घालून दाखवा!"

त्यांनी घातली. वरची बसेना. हिरड्या आत गेलेल्या, ती एका बाजूनं लटकत होती आणि दुसऱ्या बाजूला रुतत होती. तोंड वाकडं झालं त्यांचं. डांबराच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. ती काढून हातात धरून म्हणाल्या, "कोरी ठेवलेली गो. तुज्या पोरीच्या लग्नाला वापरलेली घालू काय?"

मी पेटीचं झाकण लावलं. ह्यावर मी काय ओरडणार?

कारण माझ्याच हॉलमधल्या सोफ्यावर अजून प्लॅस्टिक आहे. माझा आहेरात आलेला डिनर सेट माळ्यावर खोक्यात आहे, कुणातरी मोठ्या पाहुण्यासाठी. चांगली वस्तू वापरून जुनी करायची नाही, कार्याला काढायची, हे मी माझ्या आईकडून शिकले आणि त्या त्यांच्या. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी केलेली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे ही कवळी. ती रोज भाकरी चावून खराब करतील होय? एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसले आणि मला रडू आलं, रागाचंच, पण राग कुणावर ते कळेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीकडे धावलो. ती बिचारी एक शब्द बोलली नाही. एका बाजूनं घासली, आतून नवा थर दिला. "बसेल. पण पकड यायला सराव लागतो, त्यासाठी पाच महिने होते. आता चारच दिवस आहेत. गाताना सुटू शकते."

मग मी शाळेतून रजा घेतली, लग्नाच्या खरेदीची कामं नवऱ्यावर टाकली, आणि दुपारी जेवणं झाली की दार लावून आम्ही दोघी बसायला लागलो. पहिलीच्या पोरांना मी जसं शिकवते तसं. जीभ दाताच्या मागे लावा, हं, आता सोडा. एकेक देव घ्यायचा. त्या म्हणायच्या, मी ऐकायचे, आणि नीट आला की पुढचा.

केवढे देव ते! मला वाटलेलं पाच-सात असतील. गावदेव, कुलदेवी, मग वेशीवरचा, खाडीतला, मिठागराच्या बांधावरचा, खळ्यातला, विहिरीतली देवी, वडाखालचा. मी मध्येच म्हटलं, "आई, पण ती विहीर कुठाय आता? तिथं तर आपल्या बिल्डिंगचं पार्किंग आहे."

"मंग? ती गेली कुठं? खाली हायच ना. दिसत नाय म्हनून बोलवाची नाय काय?"

आणि तिसऱ्या दिवशी उलटंच झालं. त्या थकल्या म्हणून मी पुढची नावं म्हणून दाखवली, तर मला थांबवून म्हणाल्या, "चुकलीस. खलं आधी, विहीर मंग. सांगून नाय ठेवलं?" मी खळं आधी घेतलं. अशी पाच-सहा वेळा बोलणी खाल्ली मी, आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं.

हळदीच्या दिवशी दुपारी बिल्डिंगच्या आवारात मांडव. शीळफाट्याकडून नवऱ्या मुलाची माणसं आलेली. डीजेवाल्यांनी खोकी रचून ठेवलेली, आमच्याकडे बघत उभे, हे आटोपतंय कधी म्हणून. माझे वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, त्यांनाही कवळी आहे, हातात काठी.

सासूबाई कोऱ्या लुगड्यात पाटावर बसल्या, मी शेजारी. सुरुवात केली आणि मांडवात शांतता पसरली. गावदेव आला. कुलदेवी आली. एकेक नाव ठणठणीत. माझी लेक हळदीचे हात धरून खाली मान घालून ऐकत होती. वेशीवरचा झाला, खाडीतला झाला, आणि मिठागराच्या देवाला वरची कवळी सुटली. खट्ट आवाज आला. सासूबाईंनी ओठ मिटले. जिभेनं ती वर लावायचा प्रयत्न केला, पुन्हा ओळ घेतली, पुन्हा सुटली. मागून एक पोरगं फिसकन हसलं. डीजेवाल्याला वाटलं संपलं, त्यानं बटण दाबलं आणि स्पीकर घुमला.

सासूबाई हात जोडायला लागल्या. तसेच जोडलेले हात मी एकदा पाहिले होते.

"ए! बंद कर ते!" काठी आपटल्याचा आवाज. माझे वडील उभे राहिले होते, थरथरत. "त्यांचं व्हायचंय अजून. पूर्ण होऊ दे. कुणाला घाई नाहीये इथं." मग सासूबाईंकडे वळून, हात जोडून, "तुम्ही म्हणा, विहीणबाई. कितीही वेळ लागू दे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शांतपणे दोन्ही कवळ्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. गरम होत्या. "नाव तू घे," म्हणाल्या, "चाल मी धरतंय."

आणि तसंच झालं. चाल त्यांची, पन्नास वर्षांची, दात नसलेल्या तोंडातून वर जाणारी, आणि नावाची जागा आली की मी. मिठागराचा. खळ्यातला. मग विहिरीतली. मी कधी गायले नाही आयुष्यात, माझा आवाज वर्गात हजेरी घेण्याचा, पण मी तशीच खणखणीत हजेरी घेतली. एकही देव राहिला नाही. शेवटचं नाव झालं आणि सगळ्या बायकांनी एकदम साथ केली. लेक रडत होती, पण हसत पण होती. वडील अजून उभेच होते, त्यांना कुणीतरी खाली बसवलं.

संध्याकाळी डीजे दणाणत होता. मी वर घरी आले तर सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसलेल्या. मी कवळी धुतली, वाटीत पाणी घेऊन त्यात ठेवली, आणि सवयीनं सुरू झाले. "उद्यापासून रोज घालायची. मी शाळेत जायच्या आधी माझ्यासमोर घालायची. आणि डॉक्टरणीनं नंबर लावलाय म्हणून वाट बघत बसायचं नाही."

"घालीन," म्हणाल्या. "पन नंबर हाय माजा." आणि देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेल्या त्या कागदाकडे बोट केलं. तो दातही तिथंच होता, रुमालात. "कौल भेटला कुठं तं टाकू."

"आंबिवलीला आमच्या शेजाऱ्यांच्या घरावर आहेत अजून. नेईन तुम्हाला."

"चल मंग."

मी दिवा लावायला वळले तेव्हा मागून म्हणाल्या, "तुजं पन झालं आज."

"माझं काय?"

"तुज्या वक्ताला अर्ध र्‍हायलेलं. आज पुरं झालं."

तीस वर्षं त्यांनी ते मनात मोजून ठेवलं होतं, कुठल्या देवापाशी थांबलो ते. मी विचारलं, कुठं थांबलेलो आपण? त्या म्हणाल्या, "मिठागरापाशी." मग पाय चेपायला मी त्यांच्या शेजारी बसले, आणि खालचा डीजे संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.